मेश्राम साहेबांचा सातवा क्यूब

मेश्राम साहेबांची जागा गेली ती मी लिहिलेल्या अर्ध्या पानामुळे. त्या अर्ध्या पानात एकही शब्द खोटा नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्याविषयी बोलायला लागले की माझं मन त्यांच्या गमतींकडे वळतं आणि ऐकणारे हसून मोकळे होतात.

रायपूर राजधानी होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. जुन्या शहराच्या पलीकडे, जिथे धानाच्या बांध्या होत्या, तिथे रुंद रस्ते आखले जात होते आणि रस्त्यांच्या कडेला इमारती उभ्या राहत होत्या. मी गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकशाची. मराठी शाळेत शिकलेली, घराण्यातली पहिली पदवीधर. सिव्हिलची डिग्री घेतली आणि मामाच्या आधाराने रायपूरला आले, तर आठवड्याभरात एका बांधकाम कंपनीने ठेवून घेतलं. त्या कंपनीचे उपकार मी आजही मानते. माझ्या पहिल्या नेमणुकीचं पत्र वडिलांनी शेजाऱ्यांना इतक्यांदा दाखवलं की त्याची घडी फाटली.

आमच्या साइटवर एका सरकारी खात्याची चार मजली इमारत होत होती. तीन पक्ष होते. खातं, ज्याची इमारत. आमची कंपनी, जी ती बांधत होती. आणि एक सल्लागार कंपनी, जिला खात्याने आमच्यावर नजर ठेवायला नेमलं होतं. मेश्राम साहेब हे त्या सल्लागारांचे साइटवरचे प्रतिनिधी. रेल्वेत इमारती आणि पुलांच्या कामांचे निरीक्षक म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले. त्यांच्या सहीशिवाय आम्हाला एक घमेलं काँक्रीट ओतता येत नव्हतं. आणि करारात असं लिहिलं होतं की त्यांना बसायला खोली, टेबल, पंखा, पाणी, चढायला शिडी, हाताखाली माणूस, हे सगळं आमच्या कंपनीने पुरवायचं. म्हणजे आमच्या चुका काढणारा माणूस आमच्याच खुर्चीत बसून त्या काढणार. ही पद्धत सगळीकडेच असते. त्यात काही विचित्र आहे हे मला मेश्राम साहेबांना पाहेपर्यंत कधी जाणवलं नव्हतं.

ते ठेंगणे, काळेसावळे, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून घालणारे. जुन्या शहरातल्या गुढ़ियारीहून रोज लूनावर यायचे. येताना पाण्याची बाटली, डबा आणि बसायला एक घडीचं स्टूल घेऊन यायचे. आमची खुर्ची त्यांनी भिंतीला लावून ठेवली होती, तिच्यावर ते हेल्मेट ठेवत. आमच्या प्रोजेक्ट मॅनेजर तिवारीजींनी पहिल्या दिवशी चहा पाठवला तर त्यांनी तो हमालाला दिला. तिवारीजी मला म्हणाले, "इसका रेट बड़ा है, मैडम. छोटी चीज़ को हाथ नहीं लगाता." मला ते पटलं. आमच्या कॉलेजात फुकटचा चहा नाकारणारा माणूस मी पाहिला नव्हता, आणि जे पाहिलं नाही त्यावर संशय घेणं सोपं असतं.

मला त्यांच्याकडे पाठवायचं हेही तिवारीजींनीच ठरवलं. मी मराठी, ते मराठी. शिवाय मुलगी म्हटल्यावर माणूस जरा नरम बोलतो, हा त्यांचा हिशेब. रोज सकाळी परवानगीचे कागद घेऊन मी त्यांच्या खोलीत जायची आणि उभी राहायची. पहिल्या दिवशी त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कंपनीनं धाडलं?"

"हो साहेब."

"गाव कोनतं?"

"सालेकसा."

"बाप काय करते?"

"रेल्वेत गँगमन आहेत."

"हं." त्यांनी कागद उलटा करून ठेवला. "उद्या ये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली आणि म्हणाले, "तुहा बाप खरंच गँगमन हाय. मी फोन करून विचारलं." मी चकित झाले. म्हटलं, "यात खोटं कशाला सांगू साहेब?" तर ते म्हणाले, "मले काय माहीत काहून सांगशीन? मराठी पोट्टी धाडली, रेल्वेवाल्याची धाडली. इतकं नेमकं माह्यासाठीच जुळून आलं, तं पाहून घ्यावं लागते."

तेव्हापासून माझं नाव कंपनीवाली पडलं. राग नव्हता त्यात. पण साइटवर चार लोकांत ते हाक मारायचे, "ओ कंपनीवाली, ड्रॉइंग आन," तेव्हा मजूर बायका तोंडाला पदर लावायच्या.

त्यांची स्वतःची एक पोलादी टेप होती. आमच्या टेपने ते कधी काही मोजत नसत. रेल्वेत असताना एका ठेकेदाराने टेपची सुरुवातीची पट्टी कापून पुन्हा कडी बसवली होती आणि वर्षभर प्रत्येक माप थोडं थोडं जास्त भरत होतं, ही गोष्ट ते नव्या माणसाला एकदा तरी सांगत. सांगून झालं की विचारत, "माह्या टेपवर भरोसा हाय ना तुहा?" मी म्हटलं, आहे. "मंग तू नापास. माही टेप तू कधी तपासली?" मी खरंच दुसऱ्या दिवशी कंपनीची टेप शेजारी ठेवून त्यांची टेप तपासली. दोन्ही सारख्या निघाल्या. ते खूश झाले की काय ते कळलं नाही. एवढंच म्हणाले, "आता तुह्या कंपनीचीबी तपासली गेली."

कंपनी त्यांना सरळ काही बोलू शकत नव्हती. सही अडली की आमच्या बाजूने शब्द निघत नसे, फक्त त्यांच्या खोलीतला पंखा बंद पडे. जनरेटरचं डिझेल बरोबर त्याच वेळी संपायचं. आमच्या ऑफिसातला पंखा मात्र फिरत असे, दुसऱ्या तारेवर. ते उठून, स्टूल काखेत मारून, बांधकामाच्या सावलीत जाऊन बसायचे. ओला गमछा डोक्यावर. एकदा मीच न राहवून म्हटलं, "साहेब, मी सांगते तिवारीजींना." ते म्हणाले, "नको. त्याहीच्या हवेत बसलं का पेन लवकर चालते."

शिडीची गोष्ट साइटवर बरेच दिवस चालली. मे महिन्यात पहिल्या मजल्याच्या स्लॅबचं लोखंड बांधून झालं होतं. ते तपासायला वर चढले, आणि एका तुळईतल्या सळया कमी आहेत म्हणून त्यांनी वरूनच नकार दिला. थोड्या वेळाने शिडी दुसऱ्या कामाला नेली गेली. कोणी सांगितलं, कोणी नेली, कोणालाच माहीत नव्हतं. भर दुपार. लोखंड इतकं तापलेलं की मजूरही जेवायला उतरले होते. आम्हाला वाटलं, ते हाक मारतील. त्यांनी हाक मारली नाही. दोन तासांनी शिडी परत लागली तेव्हा ते खाली आले, चेहरा तांबडालाल, आणि खिशातून कागद काढून तिवारीजींना दिला. त्या दोन तासांत त्यांनी उरलेल्या सगळ्या तुळया एकेक सळई मोजून तपासल्या होत्या आणि आणखी चार ठिकाणी कमी निघाल्या होत्या.

"निसणी आनखी थोडी उशिरा आनली असती," ते म्हणाले, "तं जिनाबी मोजून झाला असता."

तिवारीजी हसले. पण त्या दिवसापासून ते त्यांना घालवायच्या मागे लागले, हे मला दिसत होतं.

मेश्राम साहेब संत नव्हते, हेही सांगायला हवं. सहीची ताकद त्यांना आवडत असावी, अशी शंका मला पुष्कळदा आली. मिक्सर फिरत असायचा, महासमुंदकडचे मजूर घमेली घेऊन रांगेत उभे, आणि हे पेन उघडून कागदाकडे पाहत बसलेले. टोळीचा मेट, म्हणजे मुकादम, एकदा हात जोडून म्हणाला, "साहेब, हमर रोजी मत मारव." साहेबांनी मान वर केली नाही. बाटलीचं झाकण काढलं, पाणी प्यायले, झाकण लावलं, आणि मग सही केली. ते पाणी पिणं तेव्हा गरजेचं होतं की नव्हतं, मला सांगता येणार नाही.

आता क्यूबची गोष्ट. काँक्रीट ओतताना त्याच मालातून लोखंडी साच्यांत चौकोनी ठोकळे भरतात. त्यांना साइटवर क्यूबच म्हणतात. दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून ते पाण्याच्या टाक्यात ठेवायचे. तीन ठोकळे सात दिवसांनी आणि तीन अठ्ठावीस दिवसांनी यंत्रात दाबून फोडायचे. जेवढ्या जोराला फुटतात, तेवढी काँक्रीटची ताकद. सहा क्यूब, असा नियम. ते टाकं, यंत्र आणि प्रयोगशाळा सगळं आमच्या कंपनीचं आणि त्याची देखभाल माझ्याकडे.

मेश्राम साहेब सात भरायला लावत. सातवा त्यांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो साच्यातून निघाला की ओल्या पोत्यात गुंडाळून लूनाच्या पायदानावर ठेवून घरी नेत. कशाला, ते कोणाला सांगत नसत. तिवारीजींचं मत होतं की ते क्यूब आमच्या विरोधातल्या ठेकेदाराला दाखवतात. खात्याच्या बाबूचं मत, सल्लागार कंपनीलाच यांच्यावर भरोसा नाही म्हणून पुरावा मागते. मला वाटायचं, एक दिवस हे सगळे क्यूब टेबलावर मांडून ते काहीतरी मागतील. काय मागतील ते सुचत नव्हतं, पण मागतील.

दिवाळीआधी तिवारीजींनी मला पंढरीच्या कापड बाजारातून एक साडी आणायला लावली आणि साहेबांच्या घरी नेऊन द्यायला सांगितलं. "मिसेस के लिए. तुम्हारी तरफ़ से बोल देना." गुढ़ियारीत रेल्वे लाइनीच्या बाजूच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, त्यांचं घर. साहेब घरी नव्हते. काकू आणि मुलगी प्रज्ञा होत्या. काकूंनी पाणी दिलं आणि माझी नजर अंगणातल्या हौदावर थांबली. हौद सिमेंटचा, कमरेएवढा. पाण्याच्या तळाशी क्यूब ओळीने मांडलेले, प्रत्येकावर रंगाने तारीख. बाजूला भांड्यांचा ढीग.

"भांड्यासाठी बांधला होता तो हौद," काकू म्हणाल्या. "आता त्याच्यात दगडं राहून राहिले. मी भांडे नळाखाली घासतो."

"इथे कशाला ठेवतात?"

"तुमच्या टाक्यात अदलाबदल होते म्हनते, कच्चे काढून पक्के ठेवते. महिनाभर इथं भिजवते, मंग कॉलेजच्या लॅबमंदी नेऊन फोडते. चिठ्ठी आनते, लोखंडी पेटीत ठेवते. कोनाले दाखवत नाही. मलेबी नाही."

प्रज्ञा दारातून हिंदीत म्हणाली, "दीदी, मेरी बारहवीं की मार्कशीट भी पापा स्कूल जाकर मिला के आए थे. मैं फ़र्स्ट आई थी, तब भी."

काकू हसल्या. साडीचा पुडा मी पुढे केला तर त्यांनी बोटही लावलं नाही. "ने माय परत. त्याहीले दिसलं तं तुह्यावर शक घेतीन, अन् माह्यावरबी." मी पुडा परत आणला. तिवारीजींना त्या हौदाचं सांगायला नको होतं. पण ते विचारत गेले आणि मी सांगत गेले. नोकरी देणाऱ्या माणसाने विचारलं की उत्तर द्यायचं, एवढंच मला तेव्हा कळत होतं.

पुढचं वर्ष उजाडलं आणि काम तिसऱ्या मजल्यापर्यंत आलं. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब हरेलीच्या सणाच्या आदल्या दिवशी भरला. हरेलीला मजूर गावी जातात, दोन दिवस साइट ओस पडते. काँक्रीट चार वाजता संपलं. सात क्यूब भरले. साडेपाचच्या सुमारास मी फाटकाशी उभी होते, तर साहेब लूना सुरू करताना दिसले. पायदानावर लोखंडी साचा, त्यात ओलं काँक्रीट, वरून पोतं. सातवा क्यूब ते आजच नेत होते.

"साहेब, आजच?"

"दोन दिवस इथं कोनी राहून नाही राहिलं. चौकीदार तुह्या कंपनीचा." आणि लूना खडीच्या रस्त्यावरून दणके खात गेली. त्या वेळी रस्त्याचं काम सुरू होतं, वीस-बावीस किलोमीटरभर जागोजागी खणलेलं. मला त्यांच्या संशयाची थोडी चीड आली. याहून जास्त काही मनात आलं नाही.

अठ्ठावीस दिवसांनी आमच्या प्रयोगशाळेत साहेबांच्या समोर तीन क्यूब फोडले. तिन्ही चांगले निघाले. दुसऱ्या दिवशी ते सकाळी आठलाच आले आणि कॉलेजच्या लॅबची चिठ्ठी टेबलावर ठेवली. सातवा क्यूब लागणाऱ्या ताकदीपेक्षा बराच कमी जोरात फुटला होता. पहिल्यांदाच त्यांनी अशी चिठ्ठी कोणाला दाखवली. आणि लेखी आदेश दिला. वरचं काम बंद. स्लॅबला भोकं पाडून आतलं काँक्रीट काढून तपासायचं. तोपर्यंत चौथ्या मजल्याचा एकही खांब उभा होणार नाही.

मजूर बसून राहिले, मग एकेक करून गावी गेले. मेट दोनदा साहेबांच्या खोलीबाहेर येऊन बसला. खात्याचे कार्यपालन अभियंता रोज फोन करत होते. सगळ्यांचा संशय सगळ्यांवर. खात्याला वाटे, कंपनीने माल खराब घातला. कंपनी म्हणे, मेश्रामने मुद्दाम खराब क्यूब भरला. आणि साहेब माझ्याकडे पाहत. टाक्याची किल्ली माझ्याकडे होती. एक दिवस त्यांनी सरळ विचारलं, "कंपनीवाली, टाक्यातले क्यूब बदलले का?"

"नाही साहेब."

"कोनी बदलले का?"

"माझ्यासमोर नाही."

"तुह्यासमोर," ते म्हणाले आणि लिहायला लागले.

मला फार लागलं ते. दुपारी मी प्रयोगशाळेत नियमांचं पुस्तक काढून बसले. मला सिद्ध करायचं होतं की आमच्या टाक्यात, आमच्या यंत्रात काही चूक नाही. एकेक कलम वाचत गेले. आणि तिथे ते सापडलं. साच्यात भरलेला क्यूब पहिला दिवसभर हलवायचा नाही, त्याला हादरे बसू द्यायचे नाहीत, नाहीतर तो कमजोर होतो. कॉलेजात हे पाठ केलं होतं आम्ही. साहेबांनी तर जन्मभर पाळलं असणार. एरवी ते दुसऱ्या दिवशी सकाळीच नेत. फक्त त्या एका दिवशी, चौकीदारावर भरोसा नाही म्हणून, त्यांनी तो दीड तासाच्या आत खणलेल्या रस्त्यावरून नेला होता. आमच्या टाक्यावर विश्वास नाही म्हणून ठेवलेला साक्षीदार त्यांनीच वाटेत मोडला होता.

उठून दहा पावलांवर त्यांची खोली होती. ते आतच होते. मी आधी त्यांच्याकडे जायला हवं होतं. नाही गेले. मला भीती वाटली की ते प्रकरणच दाबतील, किंवा उलट माझ्यावरच काही आणतील. ते ज्या नजरेने सगळ्यांकडे पाहत, तीच नजर माझ्यात उतरली होती. मी तिवारीजींकडे गेले. ते खुर्चीतून उठले, दार लावलं, आणि म्हणाले, "लिख के दो. जितना देखा, उतना ही." अर्धं पान झालं.

बैठक दुसऱ्या दिवशी अकराला झाली. कार्यपालन अभियंता, सल्लागार कंपनीचे एक वरचे अधिकारी, तिवारीजी, मेश्राम साहेब, आणि कोपऱ्यात मी. कार्यपालन अभियंत्यांनी माझा कागद वाचला आणि साहेबांकडे सरकवला. साहेबांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला. खोलीत पंखा चालू होता.

"तू पाह्यलं मले नेताना?"

"हो साहेब."

"किती वाजता?"

"साडेपाच."

"काँक्रीट कवा संपलं?"

"चार वाजता."

मला वाटलं, आता ते चौकीदाराचं काढतील, टाक्याचं काढतील, माझ्या वडिलांचं काढतील. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला आणि बोट ठेवलं.

"तारीख टाकाची राहिली. बिना तारखेचा कागद उद्या कोनी मानन नाही."

मी तारीख टाकली. त्यांनी कागद परत घेतला, खाली हिंदीत लिहिलं, उपरोक्त विवरण सही है, आणि सही केली. दोन वर्षांत त्यांची इतकी लवकर झालेली सही मी पाहिली नव्हती.

तरीही भोकं पाडून तपासणी झालीच. ती त्यांनी उभं राहून करवून घेतली. स्लॅब पक्का निघाला. काम दहा-बारा दिवस बंद राहिलं होतं, टोळीतली निम्मी माणसं परत आली नाहीत. त्यांना सिलतऱ्याच्या कारखान्यांत काम लागलं होतं. सल्लागार कंपनीने साहेबांना कमी केलं. कारण असं दिलं की सातवा क्यूब नियमात नाही. आधीच्या सगळ्या सातव्या क्यूबच्या चिठ्ठ्या त्यांनी पेटीसकट देऊ केल्या. त्या कोणी घेतल्या नाहीत. त्या चिठ्ठ्यांत काय होतं, ते मला कधीच कळलं नाही.

जाताना त्यांना आमच्याच कंपनीचं एक पत्र लागत होतं, की यांच्याकडे आमचं काही सामान नाही. त्यासाठी ते तिवारीजींच्या दाराबाहेर बाकावर बसून होते. ज्या माणसाच्या सहीसाठी आम्ही उभे राहायचो, तो आमच्या सहीसाठी बसला होता. तिवारीजी आत फोनवर बोलत राहिले. पत्र मीच टाइप केलं. साहेबांनी ते वाचलं, त्यात स्टूल आणि टेप स्वतःची आहे असं एक वाक्य घालायला लावलं आणि गेले.

त्यांच्या जागी आलेला माणूस चांगला होता. वेळेवर यायचा, हसून बोलायचा, आमच्या खुर्चीत बसायचा. सहा क्यूब भरायचे, सहा फोडायचे. चौथ्या मजल्याचे आकडे मी वहीत उतरवत गेले आणि मला काहीतरी खटकायला लागलं. पूर्वी तीन क्यूबचे तीन आकडे वेगवेगळे यायचे, एक वर, एक खाली. हाताने भरलेल्या मालाचं तसंच असतं. आता ते एकमेकांना अगदी चिकटून यायला लागले होते, जणू निवडून ठेवलेले. टाक्याची दुसरी किल्ली कधी बनली, कोणी बनवली, मी विचारलं नाही. मी काही पाहिलं नव्हतं. इमारत पूर्ण झाली, उद्घाटन झालं, आणि मी बदली मागून दुसऱ्या कामावर गेले.

त्यानंतर दोन वर्षांनी साहेब मला पंढरीत भेटले. धाकट्या भावाच्या लग्नाचे कपडे घ्यायला मी आले होते. ते एका ठोक दुकानाबाहेर उभे, अंगावर तोच बाह्या बंद केलेला शर्ट, हातात कापडाचं पुडकं. जरा वाळले होते. मी वाकून नमस्कार केला.

"कंपनीवाली," ते म्हणाले. "त्याच कंपनीत हाय?"

"हो साहेब."

"बाप?"

"रिटायर झाले."

"माहीत हाय," ते म्हणाले. कसं माहीत, ते सांगितलं नाही.

गर्दी होती, हातगाड्या जात होत्या, दोघांना भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. दोन वर्षं मी जे वाक्य मनात घोळवत होते ते तिथेच बोलून टाकलं. "साहेब, मी आधी तुमच्याकडे यायला पाहिजे होतं. कागद द्यायच्या आधी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आधी आली असती तं मी तुले लिवू देल्लं नसतं."

"का?"

"काहून म्हनजे? माही जागा होती. प्रज्ञाचं लग्न व्हायचं होतं. मी तुले समोर बसवलं असतं, रेल्वेवाल्याची पोट्टी म्हनलं असतं, अन् पटवून देल्लं असतं का थोड्याशा हादऱ्यानं काही होत नाही. तुले पटलंबी असतं. तुले लवकर पटते."

हे त्यांनी माझं मन हलकं करायला म्हटलं की ते खरंच तसं वागले असते, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. दोन्ही बाजूंनी मी विचार करून पाहिला आहे.

मग मी त्यांना चौथ्या मजल्याच्या आकड्यांचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाच विचारलं, "पाह्यलं का तू, बदलताना?"

"नाही. शंका आहे."

"वही कुठं हाय?"

"कंपनीत."

"तुह्या हातची हाय ना? तारखा टाकल्या हायेत?"

"हायेत," मी म्हटलं. त्यांच्याशी बोलताना माझ्या तोंडी सालेकशाची भाषा येत होती.

त्यांनी मान हलवली. पुढे काय करायचं ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पुडकं काखेत धरून ते रस्त्याच्या कडेला गेले. एक ऑटो थांबला, आत एक बाई आणि दोन माणसं बसलेली. साहेबांनी ड्रायव्हरला विचारलं, "गुढ़ियारी जाएगा?" तो हो म्हणाला. साहेब चढले नाहीत. वाकून आतल्या बाईला विचारलं, "बाई, ये कहाँ जा रहा है?"

"गुढ़ियारी," ती म्हणाली.

मग त्यांनी दुसऱ्या माणसालाही विचारलं. ड्रायव्हर वैतागून हॉर्न वाजवू लागला. साहेब शांतपणे आत बसले, पुडकं मांडीवर ठेवलं, आणि ऑटो वळून कापडाच्या गाठींच्या आड जाईपर्यंत ते बाहेर वाकून रस्ता बघत होते.